पाहुणा ऑगस्टचा, शाळा बारमाही

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जाणाऱ्या मराठी माणसांचा हंगाम ठरलेला आहे. विल्डबीस्टचे कळप मारा नदीच्या आसपास असतात ते जुलै ते ऑक्टोबर, त्यामुळे पंधरा ऑगस्टला जोडून घेतलेली रजा, नाहीतर दिवाळीची सुट्टी. हल्ली कॅमेऱ्याच्या लांबलचक लेन्सशेजारी बॅगेत पेन्सिलींचे खोके, वह्या आणि चॉकलेटची पाकिटंही असतात. लॉजजवळच्या गावात शाळा आहे, मुलांना काहीतरी न्यावं, अशी इच्छा असते आणि ती मनापासून असते. पण केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. दुसरं सत्र ऑगस्टच्या सुरुवातीला संपतं, तिसरं महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उघडतं आणि ऑक्टोबरअखेर तेही आटोपतं. नोव्हेंबरात मोठ्या परीक्षा आणि मग थेट नवीन वर्ष. म्हणजे आपण ज्या दोन सुट्ट्यांत तिथे पोचतो, बरोबर त्याच दिवसांत शाळेला एकतर कुलूप असतं, नाहीतर परीक्षेचा बंदोबस्त. अशा वेळी शाळा दाखवायची तर सुट्टीवरची मुलं बोलावून बाकांवर बसवायची आणि त्यांच्याकडून गाणी म्हणवून घ्यायची, एवढंच उरतं.

पाहुण्यांच्या मदतीची सारी अडचण या वेळापत्रकात दिसते. पाहुणा हंगामी आणि त्याचं देणं एकदाचं. शाळेच्या गरजा मात्र बारमाही, त्याच त्या आणि बहुतेक कंटाळवाण्या. या दोहोंच्या मध्ये जो बसलेला असतो, म्हणजे लॉज, त्याला हा सांधा जुळवता आला तर शाळेचं भलं होतं. नाही आला, तर शाळेच्या कपाटात न वापरलेल्या वस्तू साठत जातात.

मारामध्ये लॉज आणि गाव यांचं नातं काय आहे, तेही पाहुण्याने समजून घ्यावं. मसाई मारा राष्ट्रीय अभयारण्याचा कारभार नारोक काउंटीकडे आहे. पण त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला ज्या कॉन्झर्वन्सी, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेली खासगी क्षेत्रं आहेत, त्यांची जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. ओल किन्येई २००५ च्या सुमारास उभी राहिली, मारा नॉर्थ २००९ मध्ये, नाबोइशो २०१० मध्ये. एकट्या नाबोइशोत पाचशेहून अधिक जमीनमालकांनी आपापले तुकडे एकत्र करून भाड्याने दिले आहेत. पर्यटन कंपन्या एकरी भाडं भरतात आणि ते मालकांच्या खात्यात जमा होतं. म्हणजे ज्या तंबूत आपण गरम पाण्याची पिशवी कुशीत घेऊन झोपतो, तो तंबू भाडेकरूचा आणि शाळेत जाणारं पोर घरमालकाचं. लॉजने शाळेसाठी काही करणं हा निव्वळ दानधर्म नाही, त्यात घरमालकाशी संबंध टिकवण्याचा व्यवहारही आहे, आणि व्यवहार आहे म्हणूनच तो पुष्कळदा टिकतो. तंबू आवरणारे, जीप चालवणारे, स्वयंपाकघरात राबणारे यांतले बरेच जण आसपासच्या गावांतले असतात. शाळेतला कोणता नळ गळतो आहे, हे व्यवस्थापकाच्या आधी त्यांना ठाऊक असतं.

आता बॅगेकडे येऊ. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराच्या धावपट्ट्यांवर जी छोटी विमानं उतरतात, त्यांत माणशी साधारण १५ किलो सामान चालतं, तेही हँडबॅगसकट आणि मऊ पिशवीत. चाकांची कडक सुटकेस त्या विमानाच्या पोटात मावत नाही. लेन्स आणि कॅमेरे यांतच पाच-सहा किलो जातात. ‘पॅक फॉर अ पर्पज’ नावाची एक अमेरिकन संस्था प्रवाशांना सांगते की बॅगेत फक्त पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो जागा ठेवा. तेवढ्यात चारशे पेन्सिली बसतात, किंवा हवा काढलेले पाच फुटबॉल आणि एक पंप. हिशोब चोख आहे. त्यातही फुटबॉलचं उदाहरण पेन्सिलीपेक्षा जास्त चांगलं, कारण पेन्सिल नारोकच्या बाजारात मिळते, स्वस्त मिळते आणि तिथे घेतली तर दुकानदाराचंही पोट भरतं. बरा फुटबॉल तिथे महाग. मात्र पंपासोबत सुया अर्धा डझन तरी न्या. सुई वाकते, हरवते, आणि मग पाचही चेंडू महिनाभरात कोपऱ्यात चपटे होऊन पडतात.

न्यावं असं काय, तर जे तिथे सहज मिळत नाही आणि ज्याला दुरुस्ती लागत नाही. हाताळण्याजोगी भिंगं, चुंबकं, साधे सायंटिफिक कॅल्क्युलेटर, जगाचा आणि आफ्रिकेचा कापडी नकाशा. २०२३ पासून सातवी ते नववी हे ‘ज्युनियर स्कूल’चे वर्ग प्राथमिक शाळांच्याच आवारात बसतात. पूर्वी जिथे आठ इयत्ता होत्या, तिथे आता बालवर्गाची दोन वर्षं आणि पुढे नऊ इयत्ता. विज्ञानाचा अभ्यासक्रम आला पण प्रयोगशाळेची खोली आली नाही, अशा शाळेत भिंगांचा एक डबा चारशे पेन्सिलींपेक्षा अधिक काळ काम देतो. क्रमिक पुस्तकं मात्र नेऊ नयेत. २०१८ पासून सरकार ती थेट शाळांना पोचवतं आणि ती केनियाच्या अभ्यासक्रमाची असतात. गोष्टीची पुस्तकं हवी असतात, पण स्नोमॅन आणि ख्रिसमस पुडिंगची नव्हेत. आफ्रिकन स्टोरीबुक नावाच्या खुल्या संग्रहात मा, म्हणजे मसाईंच्या भाषेतल्या गोष्टी मिळतात. त्या छापून, नीट शिवून नेल्या तर पहिली-दुसरीच्या मुलांना त्या खरोखर वाचता येतात, कारण त्या इयत्तांत शिकवण्याची भाषा परिसरातली असावी असंच तिथलं धोरण आहे.

जुने लॅपटॉप नेण्याचा मोह पुष्कळांना होतो. केनियात तीन चपट्या पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे सॉकेट असतात, आपला गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही. अॅडॉप्टर दिला तरी जुन्या लॅपटॉपची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते, आणि सौरऊर्जेवर चालणाऱ्या शाळेत दहा चार्जर एकदम लावले की इन्व्हर्टर बसतो. दोन वर्षांनी तो ई-कचरा होतो आणि तो उचलायला कोणी येत नाही. सौर संचाचंही तेच. पॅनेल वीस वर्षं टिकतं, साध्या लेड-अॅसिड बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत मरतात. पॅनेल देणाऱ्याचा फोटो निघतो, चौथ्या वर्षी बॅटरी देणारा कुणी नसतो. संच द्यायचाच असेल तर पहिल्या दिवसापासून बॅटरीसाठी वेगळी रक्कम बाजूला टाकण्याची अट घालावी.

आणखी एक, अगदी बारीक वाटणारी गोष्ट. २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती कागदावरची बंदी नाही, दंड चाळीस लाख शिलिंगपर्यंत जाऊ शकतो. शाळेचं सामान दुकानाच्या प्लास्टिक पिशव्यांत भरून नेणाऱ्यांनी ते आधीच कापडी पिशव्यांत घालावं. पिशव्या तिथेच सोडून याव्यात, त्या वापरल्या जातात.

चॉकलेटबद्दल एकच सांगणं: नेऊ नका. गाडीतून गोळ्या उधळणारा पाहुणा गेला की दुसऱ्या दिवशी मुलं शाळेच्या वेळात रस्त्याच्या कडेला उभी राहतात. दंतवैद्य दूर शहरात असतो. आणि केनियातल्या रिफ्ट व्हॅली या लांबलचक खचदरीच्या अनेक भागांत भूजलात फ्लोराइड इतकं आहे की मुलांचे दात आधीच तपकिरी पडलेले दिसतात.

फ्लोराइडचा विषय निघालाच आहे तर पाण्याकडे जाऊ, कारण शाळेला मदत म्हणून काही बांधायचं असेल तर वर्गखोलीच्या आधी पाणी. पाहुण्यांना बोअरवेलचं आकर्षण असतं. जमिनीतून उसळलेल्या पहिल्या पाण्याचा फोटो चांगला येतो. पण या भागात खोदण्याआधी जवळपासच्या विहिरींचं आणि खोदल्यावर त्या पाण्याचं फ्लोराइड तपासलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे दीड मिलिग्रॅमची आहे. त्याच्या वर गेलं तर ते पाणी धुण्यापुसण्याला ठीक, रोज पिण्याला नाही. त्यापेक्षा छपरावरचं पावसाचं पाणी निर्धोक. मारामध्ये मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा नोव्हेंबर-डिसेंबरात.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. तीन वर्गांच्या रांगेचं छप्पर पन्हाळीसकट दीडशे चौरस मीटर धरलं आणि उडून-सांडून जाणारं पाचवा हिस्सा सोडलं, तर एका मिलिमीटरला १२० लिटर हाती लागतात. दहा हजार लिटरची टाकी साधारण ८५ मिलिमीटर पावसात भरते, म्हणजे एप्रिलमध्ये ती कधी भरली ते कळतही नाही. खरा प्रश्न पुढचा. चारशे मुलं, माणशी फक्त दोन लिटर, म्हणजे दिवसाला आठशे. भरलेली टाकी बारा-तेरा दिवसांत रिकामी. एक टाकी देऊन ‘शाळेचा पाणीप्रश्न सुटला’ असं लिहिणाऱ्यांनी हा भागाकार केलेला नसतो. चार टाक्या असतील तर कोरड्या महिन्यांत निदान प्यायला पुरवून पुरवून वापरता येईल.

आणि टाकी बसवणं म्हणजे ती आणून ठेवणं नव्हे. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन. खालचा चौथरा एका बाजूने खचला तर प्लास्टिकची टाकी बुडाशी चिरते आणि ती चीर सांधत नाही. पन्हाळीला शंभर सेंटिमीटरला एक सेंटिमीटर तरी उतार हवा. ब्रॅकेट लांब लांब ठोकले की पन्हाळ मध्ये पोट सोडते आणि पाणी तिथूनच सांडतं. सुट्टीनंतरचा पहिला पाऊस छपरावरची धूळ, पक्ष्यांची शीट, माकडांनी टाकलेलं सगळं घेऊन येतो. ते पाणी वळवून टाकायला लागतं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी एक मीटर लांबीचा चार इंची पाइप उभा करून दिलेला असतो. त्यात पाणी मावतं जेमतेम आठ लिटर. दीडशे चौरस मीटरच्या छपराला पहिला एक मिलिमीटर पाऊस सोडून द्यायचा तर दीडशे लिटर बाजूला काढावे लागतात, म्हणजे दोनशे लिटरचा एक पिंपच हवा, तळाशी बारीक भोकाचा, आपोआप रिकामा होणारा. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर आत डासांची पैदास. नळ तळापासून थोडा वर, गाळ खाली राहील असा. आणि सगळ्यात आधी मोडतो तो हा नळच. शंभर हात दिवसाला फिरवतात, तो वर्षभरात झिजतो. मुख्याध्यापकांच्या कपाटात चार नळ आणि टेफ्लॉन टेप ठेवायची व्यवस्था ज्या लॉजने केली, त्या लॉजला शाळा कळली असं समजावं.

बांधकामाचा दुसरा शत्रू मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा आहे: काळी माती. माराच्या मैदानांत बऱ्याच ठिकाणी तीच चिकण, कापसाची काळी जमीन आहे, जिच्यावर मराठवाड्यात आणि विदर्भात घरं तडकतात. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत तिच्यासोबत वर-खाली होते. हौशी देणगीदाराच्या अंदाजपत्रकात पाया हा नेहमी स्वस्तात उरकलेला असतो, कारण तो दिसत नाही. काळी माती काढून मुरूम भरून तो दाबणं, जोत्याला लोखंडी सळ्यांचा काँक्रीट पट्टा देणं, भिंतीभोवती पाणी दूर नेणारा फरसबंद उतार करणं हे सारं वगळलं तर तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. आपल्याकडचा कुठलाही जुना गवंडी हे सांगेल, तिथला फुंदी, म्हणजे कारागीरही सांगतो. ऐकायचं की नाही, ते पैसे देणाऱ्याच्या हातात.

केनियाच्या शाळा सुरक्षा नियमांत वर्गाचं माप ठरलेलं आहे: साडेसात मीटर बाय सहा मीटरच्या आसपास, आणि त्यात दोनजणी बाकांवर जास्तीत जास्त चाळीस मुलं. दारं बाहेर उघडणारी, खिडक्यांना गज नाहीत. आगीत मुलं अडकून दगावल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत, म्हणून हा नियम. तरीही चोरीच्या भीतीने गज बसवून देणारे देणगीदार असतातच. छपराला मबाती, म्हणजे आपले पत्रे. तीस गेजचा पातळ पत्रा स्वस्त पडतो, अठ्ठावीसचा जाड आणि टिकाऊ. छताखाली सीलिंग नसेल तर पावसाच्या आवाजात शिकवणं थांबतं आणि दुपारी वर्गाची भट्टी होते. कोरड्या हंगामात सकाळी दहा वाजता येणाऱ्या पाहुण्याला यातलं काहीच अनुभवायला मिळत नाही.

शौचालयांबद्दल लोक बोलायला लाजतात. प्रमाण मुलींसाठी पंचविसांमागे एक, मुलांसाठी तिसांमागे एक. काळ्या मातीत खणलेला खड्डा दगडांनी किंवा ब्लॉकनी बांधून घेतला नाही तर पावसात बाजू ढासळतात आणि वरची फरशी धोक्याची होते. खड्डा भरला की उपसणारी गाडी या कच्च्या रस्त्यांवर येत नाही, म्हणून एकाआड एक वापरायचे दोन खड्डे सुरुवातीलाच करावेत. केनियात २०१७ च्या कायद्याने शाळकरी मुलींना सॅनिटरी पॅड मोफत द्यायची जबाबदारी सरकारवर आली, पण पुरवठा सगळीकडे वेळेवर पोचतोच असं नाही. लॉजमार्फत धुऊन वापरायचे कापडी पॅड देण्याचे उपक्रम चालतात. ते चांगलेच आहेत, पण धुवायला पाणी, वाळवायला आडोसा आणि आतून कडी लागणारं दार नसेल तर पाकीट तसंच राहतं. म्हणजे पुन्हा टाकी, पुन्हा नळ.

इथवर वस्तू आणि विटा झाल्या. शाळा चालते ती शिक्षकांवर. २००३ मध्ये किबाकी सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि देशभरची पटसंख्या ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. शिक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत. सरकारचा शिक्षक सेवा आयोग जे शिक्षक पाठवतो ते पुरत नाहीत, म्हणून शाळेचं व्यवस्थापन मंडळ आपल्या जिवावर काही शिक्षक नेमतं. त्यांचा पगार पालकांच्या वर्गणीतून. प्राथमिकच्या मुलामागे सरकारचं वार्षिक अनुदान १,४२० शिलिंग, म्हणजे आपले साधारण हजार रुपये, आणि तेही हप्त्याहप्त्याने, उशिरा. दुष्काळात गुरं मेली की पालकांची वर्गणी थांबते आणि मंडळाचा शिक्षक दुसरं काम शोधतो. पाहुण्यांच्या पैशाची खरी गरज इथे आहे, आणि नेमकं इथेच द्यायला पाहुणा तयार नसतो. पगाराला पाटी लावता येत नाही. लॉजने द्यायचं ठरवलं तर निदान तीन वर्षांचं बोलावं आणि पैसा मंडळाच्या खात्यातून द्यावा, लॉजच्या पगारपत्रकातून नव्हे. नाहीतर तो शिक्षक शाळेचा न राहता लॉजचा नोकर होतो. पैसा जास्त असेल तर शाळेशेजारी शिक्षकांच्या दोन खोल्या बांधाव्यात. तीस-चाळीस किलोमीटरवरून मोटरसायकलने ये-जा करणारा शिक्षक पावसात येत नाही. तिथेच राहणारा येतो.

पाट्यांचा विषय जरा खोलात जायला हवा. २०२१ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढे एका अमेरिकन पत्रकाराने साक्ष दिली. त्याने आपल्या दिवंगत लहान मुलाच्या नावाने केनियात शाळा बांधायला पैसे उभे केले होते, आणि पुढे त्याला कळलं की त्या शाळेवरची मुलाच्या नावाची पाटी जाऊन दुसऱ्या देणगीदाराची लागली. मोठी, जगभर गाजलेली धर्मादाय संस्था होती. त्या माणसाचं दुःख समजण्यासारखं आहे. पण भिंतीवर नाव ही व्यवस्थाच अशी आहे की तिला दरवर्षी नवी भिंत लागते. डागडुजीला नाव लागत नाही, म्हणून डागडुजी होत नाही. केनियातल्या शेकडो माध्यमिक शाळा स्वातंत्र्यानंतर ‘हरंबे’तून, म्हणजे सगळ्यांनी मिळून हातभार लावण्याच्या प्रथेतून उभ्या राहिल्या. गावाने दगड, वाळू, गुरं आणि श्रम दिले. त्या परंपरेतलं गाव आजही पाहुण्यांच्या पैशात आपली वाळू आणि आपली मजुरी घालायला तयार असतं. लॉजने ती मागितली पाहिजे. ज्यात आपलं काही पडलेलं नाही, त्याचा नळ गळला तर कोण बघतो?

पर्यटनावर टेकलेली मदत किती ठिसूळ, ते २०२० मध्ये दिसलं. मार्चच्या मध्यावर केनियातल्या शाळा बंद झाल्या आणि त्याच सुमारास पाहुणेही. शाळा पूर्ण उघडल्या जानेवारी २०२१ मध्ये. हात धुवायच्या जागा, जास्त वर्ग, जास्त पाणी, सगळी गरज एकदम वाढली, तेव्हा तंबू रिकामे होते आणि जमिनीचं भाडंही काही कॉन्झर्वन्सींत कपातीने मिळत होतं. दर रात्रीमागे पाहुण्याकडून ठराविक रक्कम घेऊन त्यातला एक भाग राखीव ठेवणाऱ्या लॉजांचे शिक्षक टिकले असणार. आलेला प्रत्येक डॉलर लगेच भिंतीत घालणाऱ्यांकडे द्यायला भिंतच उरली.

म्हणून बुकिंग करतानाच टूरवाल्याला नव्हे, लॉजला चार ओळी लिहून विचारावं. शाळेचं नाव काय, व्यवस्थापन मंडळाशी लेखी करार आहे का, गेल्या वर्षी कशावर खर्च झाला, त्यात दुरुस्ती आणि पगार किती. शाळाभेट हवीच असेल तर जून किंवा सप्टेंबरची तारीख धरावी. शनिवार-रविवार नको. दोन तासांऐवजी वीस मिनिटं पुरे, आणि तीही मुख्याध्यापकांच्या खोलीत. तिथल्या व्हिजिटर्स बुकात सही करावी, नेलेली वस्तू मुलांच्या हातात न देता नोंदवहीत लिहून द्यावी आणि पावती घ्यावी. मुलांचे फोटो नकोत. सिंहाचे आहेतच.

आणि पैसे द्यायचे असतील तर तिथे उत्साहाच्या भरात न देता परत आल्यावर, नोव्हेंबरच्या आत, लॉजच्या किंवा त्याच्या ट्रस्टच्या खात्यात पाठवावेत, खाली ‘दुरुस्ती किंवा पगार, मंडळ ठरवेल ते’ असं लिहून. जानेवारीत नवं वर्ष सुरू होतं. मंडळ डिसेंबरातच ठरवतं, कोणत्या शिक्षकाला परत बोलावायचं आणि कोणाला नाही.